दोन पिल्लं, अर्धा तास

शेताच्या राखणीला दोन पिल्लं आणली, तर त्यांना रोज किती वेळ शिकवावं? आम्ही शिक्षक म्हणून सांगतो: प्रत्येकाला वेगळं, एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा. दोघांचा मिळून अर्धा तास. एकत्र शिकवलं तर ती एकमेकांशीच खेळतात. एकाच्या पाळीला दुसऱ्याला नजरेआड बांधावं. अब्बा ‘बैठ’ आणि अम्मी ‘बस’ म्हणत असतील तर पिल्लू गोंधळतं. घरभर हुकूम एकच हवा. ऐकलं की लगेच भाकरीचा तुकडा; मार नको. दोघं पक्की झाली की मग एकत्र सराव. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत, अल्लाहचं नाव घेऊन, शिकवलेल्या जनावराने आपल्यासाठी धरलेली शिकार हलाल आहे. न शिकवलेलं मात्र शेळीच्या करडावर धावतं आणि जन्मभर साखळीत राहतं.