बर्फ कोणाच्या मालकीचा?

ज्या भूमीवर बर्फ पडत नाही, त्या फिलिपाइन्सला आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने २०१६ साली सदस्यत्व दिले. पुढच्याच वर्षी क्वालालंपूरच्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत त्या देशाच्या पुरुष संघाने सुवर्णपदक पटकावले. खेळाडूंची जिद्द निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु हा खेळ वाढला तो मनिलातील मॉलमध्ये, विजेवर गोठविलेल्या बर्फावर. तेथे उतरायचे तर प्रवेशशुल्क, स्केट्स, शिरस्त्राण, काठी या साऱ्यांचे दाम मोजावे लागतात. झोपडपट्टीतील मजुराच्या मुलाने ते कोठून आणावेत? पदक राष्ट्राचे आणि मैदान बाजाराचे, ही विसंगती मान्यतेच्या जल्लोषात झाकली जाते. सार्वजनिक खर्चाने मैदाने उभी राहिल्याखेरीज खेळाची ही वाढ मूठभरांचीच राहील.