हिशेबाची दुसरी बाजू

ऑस्ट्रेलियात कायमचे राहण्यासाठी अर्ज केला की घरातल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. क्षयासारखा संसर्ग पसरू नये म्हणून ती असावी, याबद्दल वाद नाही. पण याच तपासणीत आणखी एक कसोटी दडलेली आहे. अर्जदाराच्या आजारावर किंवा अपंगत्वावर सरकारचा अंदाजे खर्च 86,000 डॉलरांच्या वर जाईल असे सरकारी डॉक्टरने ठरवले, की व्हिसा नाकारता येतो. आयुष्यभराच्या अवस्थेसाठी जास्तीत जास्त 10 वर्षांचा खर्च धरतात, म्हणजे मर्यादा वर्षाला 8,600 डॉलर. ते कुटुंब ती सेवा खरोखर घेणार आहे का, हे विचारलेच जात नाही. आणि एक जण नापास झाला, तर सगळे घर नापास. ही कसोटी अन्यायाची आहे, कारण ती हिशेबाची एकच बाजू मांडते.

2008 साली व्हिक्टोरियातल्या हॉरशॅम गावात हे उघड दिसले. डॉक्टरांची चणचण असलेल्या त्या भागात एक जर्मन डॉक्टर रुग्णसेवा करत होते. मुलाला डाउन सिंड्रोम आहे म्हणून सगळ्या कुटुंबाला कायमचे वास्तव्य नाकारले गेले. लोक खवळले, तेव्हा मंत्र्यांनी अधिकार वापरून निर्णय फिरवला. मुलाचा खर्च मोजला गेला, बापाने तपासलेले रुग्ण मोजले गेले नाहीत. ज्यांची बातमी होत नाही, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? 2010 मध्ये संसदीय समितीनेही कुटुंबाचे सामाजिक व आर्थिक योगदान विचारात घ्यावे, अशी शिफारस केली होती.

यावर पहिला आक्षेप असा, की करदात्यांचा पैसा मर्यादित आहे. मान्य. मग जमा आणि खर्च दोन्ही लिहा. परिचारिका, इंजिनिअर, शिक्षक कित्येक वर्षे कर भरतात. तो आकडा वहीत का येत नाही? शिवाय ही मर्यादा काही दगडावरची रेघ नाही. 2012 पूर्वी ती 21,000 डॉलर होती, 2024 मध्ये 86,000 झाली आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून वगळला गेला. कॅनडाने 2018 मध्येच मर्यादा तिप्पट करून असाच बदल केला होता. दुसरा आक्षेप असा, की लोक केवळ उपचारासाठी येतील. पण कुशल कामगारांच्या व्हिसासाठी वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी यांची कडक चाळणी आधीच लागते; केवळ उपचार हवा म्हणून कोणाला ती चाळणी ओलांडता येत नाही.

तिसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा: कोणाला घ्यायचे हे देशाने ठरवावे. जरूर ठरवावे, पण आपल्याच तत्त्वांना धरून. अपंगत्वावरून भेदभाव करू नये असे 1992 चा कायदा सांगतो आणि त्याचेच कलम 52 स्थलांतर कायद्याला सूट देते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2008 मध्ये स्वीकारतानाही ऑस्ट्रेलियाने आपली आरोग्याची अट कराराबाहेर राखली. नागरिकाच्या बाबतीत जो भेदभाव बेकायदा, तो अर्जदाराच्या बाबतीत शिष्टसंमत कसा?

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी लोकांतली बरीच कुटुंबे याच कुशल व्हिसाच्या वाटेने आली, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. मराठी मंडळांनी खासदारांकडे दोन मागण्या ठामपणे न्याव्यात: कलम 52 मधली सूट काढा आणि निर्णय घेताना सगळ्या कुटुंबाचे योगदान मोजा. अर्ज अडकलेल्या घराने हे एकट्याने बोलायचे म्हणजे व्हिसाच पणाला लावायचा. ज्यांना आता ती भीती उरलेली नाही, त्यांनीच आधी बोलले पाहिजे.