आजोबांचा तिकीट नंबर

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या या वीरावरचा शाहीर तुळशीदासाचा पोवाडा अजून गायला जातो. याच डोंगरांतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांची गोष्ट मात्र घरात एका वाक्यात उरकते: आजोबा गिरणीत होते. कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, असं विचारलं की घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

कष्टकऱ्यांचे कुठे कागद असतात, हा समज खोटा आहे. उलट हजेरीशिवाय पगार नसलेल्या माणसाइतकी नोंद क्वचितच कुणाची झाली असेल. गिरणीतला तिकीट नंबर, लाल पास, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, रजेचं रजिस्टर, सर्व्हिस सर्टिफिकेट. म्हाडाच्या घरासाठी गिरणी कामगारांच्या वारसांनी हेच कागद ट्रंकेच्या तळातून उपसून काढले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार कामावर होता, एवढं त्यांतून सिद्ध करायचं होतं. दीड लाखांवर अर्ज आले. म्हणजे दीड लाखांवर घरांनी आपल्या माणसाचे कागद शोधले, झेरॉक्स काढल्या, अर्जाला जोडल्या आणि पुन्हा पिशवीत बांधून ठेवल्या. ते वाचले किती जणांनी?

वाचण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. खातं कळलं की कामाची जात कळते. सूतखात्यात कापसाची धूळ छातीत जायची, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कान जायचे. घरात ‘म्हाताऱ्याला खोकला होता’ एवढंच माहीत असतं, त्या खोकल्याचं कारण तिकिटावरच्या खात्याच्या नावात सापडू शकतं. रजेचं रजिस्टर मिळालं तर त्याहून बरं. शिमगा, गणपती आणि भातलावणीला माणूस गावी जायचा की नाही, हे तारखा सांगतात. मुंबईत राहूनही त्याचं वर्ष गावच्या शेतावर चालत होतं का, ते कळतं.

अर्थात कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. शाळेच्या दाखल्यावर त्या पिढीतली अर्धीअधिक मंडळी १ जूनला जन्मलेली दिसतील. गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने तारीख टाकली आणि ती जन्मभर चिकटली. त्यापेक्षा ‘कोयनेच्या भूकंपाला मी पोटात होतो’ हे सांगणं जास्त भरवशाचं. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, हे नक्की आहे.

कागद मुके होतात ते बायकांपाशी. नवरा मुंबईला, ती नाचणीच्या वरकसावर. मनीऑर्डर आल्यावर अंगठा उठवायचा, एवढाच तिचा दफ्तरी पुरावा. मुंबईत खानावळ चालवणारीला तर तिकीट नंबरही नव्हता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा अशा बायका संघटित झाल्या. बाकीच्यांसाठी आठवण हाच दस्तऐवज. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा ग्रंथ केला, तोही याच वाटेने.

घरातल्या घरात हे कसं होतं, त्याचा दाखला महाडजवळच आहे. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे हे १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागच्या कार्यकर्त्यांपैकी एक, पुढे मुंबईतले कम्युनिस्ट पुढारी. त्यांचं आत्मकथन अपुरं राहिलं. मुलगा सत्येंद्र मोरे यांनी पुढचं आयुष्य लिहून काढलं, म्हणून ते आज वाचायला मिळतं. मोरे पुढारी होते, हे खरं. पण मुलाने लिहिलं नसतं तर पुढाऱ्याचंही निम्मं आयुष्य गेलंच असतं.

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत थांबायला सवड नाही. २००५च्या जुलैत जुई, दासगाववर दरडी कोसळल्या. २०२१च्या जुलैत तळिये गाडलं गेलं, साखरच्या सुतारवाडीवर दरड आली. माणसं गेली तिथे ट्रंकांचा हिशेब कोण ठेवतो? आणि १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरणी संपात उतरलेला पंचविशीतला पोरगा आज सत्तरीच्या घरात आहे.

मुंबईत गावोगावची ग्रामस्थ मंडळं आहेत. त्यांच्या वर्गणीच्या वह्यांत कोण कुठल्या चाळीत, कोणाच्या खोलीवर राहायचा, याचा माग लागू शकतो. या गणपतीत चाकरमानी गावी येतील तेव्हा मंडळांनी त्या वह्या आणाव्यात, घराघरांतल्या पासांचे आणि कार्डांचे मोबाइलवर फोटो काढावेत, म्हाताऱ्यांना बोलतं करून आवाज टिपावा. सरकारनेही म्हाडाकडे जमलेले कागद छाननी संपली म्हणून रद्दीत जाऊ देऊ नयेत. वारसांची संमती घेऊन त्यांच्या प्रती गाववार लावून पुराभिलेखागारात ठेवाव्यात.