विश्लेषण : एस्प्रेसोच्या ग्राइंडरसाठी लाखभर रुपये का मोजले जातात? घर आणि कॅफेचे निकष वेगळे का?

न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीच्या वायद्याने डिसेंबर २०२४मध्ये १९७७चा विक्रम मोडला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये पौंडामागे चार डॉलरची पातळी ओलांडली. ब्राझीलमधील दुष्काळ हे त्यामागचे मोठे कारण होते. दाणे महागले की वाया जाणाऱ्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब सुरू होतो. एस्प्रेसोच्या बाबतीत हा हिशेब कॉफी यंत्रापेक्षा ग्राइंडरपाशी अधिक अडतो. पुण्या-मुंबईत छोटे कॅफे काढणारे तरुण आणि घरी एस्प्रेसो यंत्र आणणारे हौशी, दोघांपुढेही एकच प्रश्न असतो : ग्राइंडरवर किती खर्च करायचा आणि कोणत्या प्रकारच्या? त्याचे उत्तर मात्र दोघांसाठी एक नाही.

ग्राइंडर इतका महत्त्वाचा का?

एस्प्रेसोसाठी साधारण १८ ग्रॅम पूड दाबून बसवली जाते. तिच्यातून सुमारे नऊ बार दाबाने गरम पाणी जाते आणि २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी मिळते. या अर्ध्या मिनिटात पाण्याला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पूड. ती जाड असेल तर पाणी भर्रकन निघून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. फार बारीक असेल तर पाणी तुंबते आणि कडवटपणा येतो. पूड असमान असेल तर पाणी सोपी वाट शोधते. एका ठिकाणचा अर्क प्रमाणाबाहेर उतरतो, तर दुसरीकडची पूड जवळपास कोरीच राहते. यंत्राचा दाब आणि तापमान कितीही अचूक असले तरी हा दोष त्याला झाकता येत नाही. म्हणूनच चटणीच्या भांड्यात पात्याने फोडलेली कॉफी एस्प्रेसोला चालत नाही. तिथे जात्यासारखे दळणच लागते.

सपाट चकत्या की शंकूच्या आकाराच्या?

जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या असतात. त्यांना ‘बर’ म्हणतात. त्या दोन प्रकारच्या असतात. सपाट प्रकारात दोन चकत्या समोरासमोर असतात, तर शंकू प्रकारात एक शंकू कड्यात फिरतो. सपाट चकत्या बहुधा मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतात, शंकू प्रकारात हा वेग तीनशे ते पाचशेच्या घरात असतो. चांगल्या सपाट चकत्यांनी केलेली पूड अधिक एकसारखी असते, त्यामुळे हलक्या भाजणीच्या कॉफीतले फळांचे, फुलांचे स्वाद वेगवेगळे ओळखू येतात. शंकूच्या दळणात अतिबारीक कण अधिक असतात, त्यामुळे कॉफी दाट आणि भरदार लागते. गडद भाजणी आणि दुधातल्या कॉफीसाठी अनेकांना तीच आवडते. मात्र हा नियम सरसकट लागू होत नाही. दातांची रचना आणि दोन चकत्या एकमेकींना किती समांतर बसवल्या आहेत, यावर बरेच अवलंबून असते. किंचित तिरकी बसलेली महागडी चकती नीट बसवलेल्या स्वस्त चकतीपुढे फिकी पडते.

कॅफेला नेमके काय हवे असते?

कॅफेला हवा असतो वेग, उष्णतेवर ताबा आणि शंभराव्या कपाला पहिल्या कपासारखीच मात्रा. सकाळच्या गर्दीत तासाला शंभर कप द्यायचे असतील तर एका कपाला ३६ सेकंद मिळतात. म्हणून माझेरचा रोबर किंवा मालकोनिगचा ई८० यांसारख्या यंत्रांत मोठ्या चकत्या, दणकट मोटर आणि किलोभर दाणे मावणारा हॉपर असतो. १८ ग्रॅम पूड काही सेकंदांत पडते. सतत दळल्याने चकत्या तापतात आणि दळणाचे माप सरकते, म्हणून पंख्यांची सोय असते. अलीकडच्या काही यंत्रांत पोर्टाफिल्टरखालीच वजनकाटा असतो आणि ठरलेले वजन भरताच मोटर थांबते. पूर्वी हे काम वेळेच्या अंदाजाने चाले, त्यामुळे दाणे बदलले किंवा चकत्या तापल्या की मात्रा मागेपुढे होई.

त्याचे गणित सोपे आहे. रोज ३०० कप विकणाऱ्या कॅफेत कपामागे सरासरी एक ग्रॅम पूड जास्त पडत असेल, तर दिवसाला ३०० ग्रॅम कॉफी जाते. दाणे किलोला १,२०० रुपयांनी घेतले असे धरले तरी दिवसाला ३६० आणि वर्षाला सुमारे एक लाख ३१ हजार रुपये होतात. वजनावर थांबणारा महाग ग्राइंडर तिथे चैनीत मोडत नाही. दिवसाला ४० कप जाणाऱ्या कॅफेत मात्र हीच बचत वर्षाला साडेसतरा हजारांवर येते आणि निर्णय बदलू शकतो.

मग तोच ग्राइंडर घरी आणला तर?

इथेच अनेकांची फसगत होते. व्यावसायिक ग्राइंडरच्या मार्गिकेत दर वेळी काही ग्रॅम पूड अडकून राहते. कॅफेत पुढचा कप मिनिटभरात येतो, त्यामुळे ती शिळी होत नाही. घरी दिवसाला दोन कप होतात. सकाळी पहिल्या कपात रात्रीची शिळी पूड येते किंवा ती फेकावी लागते. रोज पाच ग्रॅम फेकली आणि दाणे किलोला २,००० रुपयांचे धरले, तर वर्षाला १,८२५ ग्रॅम म्हणजे सुमारे ३,६५० रुपयांची कॉफी कचऱ्यात जाते. दाणे बदलले की माप पुन्हा बसवताना आणखी पूड वाया जाते. हॉपरमध्ये उघडे राहिलेले दाणे वास हरवतात ते वेगळेच.

यातून एका कपापुरतेच दाणे मोजून दळायची पद्धत रुळली. मालकोनिगचा ईके४३ हा ९८ मिलिमीटर चकत्यांचा, मुळात दुकानात पिशवीभर कॉफी दळून देण्यासाठीचा ग्राइंडर. मेलबर्न येथे २०१३मध्ये झालेल्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्जर यांनी तो एस्प्रेसोसाठी वापरला आणि जगभरच्या कॅफेंचे त्याकडे लक्ष गेले. पुढे ब्रिटनच्या निश झिरोने ६३ मिलिमीटरचा शंकू घरच्या ओट्यावर आणला. चिनी बनावटीच्या डीएफ६४ने ६४ मिलिमीटरच्या सपाट चकत्या परदेशात चारशे डॉलरच्या आसपास उपलब्ध केल्या. दुसऱ्या टोकाला वेबरचा ८० मिलिमीटरचा ईजी-१ साडेतीन हजार डॉलरच्या वर जातो. या यंत्रांत अडकणारी पूड ग्रॅमपेक्षाही कमी असते. मात्र दाणे तोलणे, टाकणे, दळणे, झटकणे यात मिनिटभर सहज जाते. घरी ते चालते, पण गर्दीच्या काउंटरवर हाच ग्राइंडर रांग वाढवतो.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठाचे ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘मॅटर’ या नियतकालिकात जानेवारी २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. फार बारीक दळल्यास पूड जागोजागी तुंबते आणि प्रत्येक कप वेगळा उतरतो, असे त्यात दिसले. २०ऐवजी १५ ग्रॅम कॉफी थोडी जाड दळली तर कमी वेळात, कमी दाण्यांत अधिक सातत्य मिळते. अतिशय बारीक दळणे हाच ग्राइंडरचा गुण मानणाऱ्यांसाठी हा इशारा आहे. हेंडन यांच्याच गटाने डिसेंबर २०२३मध्ये दाखवले की दळण्यापूर्वी दाण्यांवर पाण्याचा हलका शिडकावा दिल्यास स्थिर विद्युतभार घटतो, पूड चिकटत नाही आणि गुठळ्या होत नाहीत. या दोन्ही सुधारणांना नवे यंत्र लागत नाही.

भारतात घेताना अडचणी कोणत्या?

पहिली अडचण विजेची. अमेरिकेतील नातेवाईकांकडून मागवलेला ग्राइंडर बहुधा ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. थेट जोडल्यास मोटर जळू शकते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, त्यामुळे काही मोटरींचा वेग कमी होतो. दुसरी अडचण सीमाशुल्क आणि जीएसटीची. परदेशातली किंमत रुपयांत बदलून काढलेला अंदाज त्यामुळे हमखास चुकतो. तिसरी दुरुस्तीची. जात्याला टाकी लावून पुन्हा धार आणता येते, इथे काही शे किलो दळल्यावर चकत्या बदलाव्याच लागतात. घरी त्याला कित्येक वर्षे लागतात. मोठ्या कॅफेत मात्र ती वेळ लवकर येते. चकत्या भारतात मिळतात का आणि मोटर बंद पडली तर किती दिवसांत माणूस येतो, हे कॅफेवाल्याने किमतीआधी विचारायला हवे. ग्राइंडर बंद तर त्या दिवसाचा गल्लाही बंद.

मग निवड कशी करावी?

घरासाठी आधी तीन गोष्टी ठरवाव्यात : दिवसाचे कप, भाजणीची आवड आणि दाणे किती वेळा बदलतात. दूध घालून दोन कप पिणाऱ्याला मध्यम किमतीचा, कमी पूड अडकवणारा ग्राइंडर किंवा बारीक टप्प्यांनी माप बदलता येणारा दर्जेदार हातग्राइंडर पुरतो. चकत्यांचा व्यास वाढवण्यासाठी त्यापुढे मोजलेले पैसे प्रामुख्याने हलक्या भाजणीची काळी कॉफी पिणाऱ्यांच्या जिभेला जाणवतात. वाचलेल्या रकमेत ताजे दाणे आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घेतला तर कपात अधिक फरक पडतो. कॅफेने मात्र गर्दीच्या तासातले कप मोजून यंत्र निवडावे आणि विकत घेण्यापूर्वी आपल्याच दाण्यांचे सलग वीस-पंचवीस कप त्यावर काढून प्रत्येक मात्रेचे वजन लिहून ठेवावे. त्या आकड्यांत पाव ग्रॅमचाच फरक आहे की दोन ग्रॅमचा, यावरून जाहिरातीपेक्षा अधिक समजते.