चिठ्ठी वडिलांच्या हातात

आज गांधीजयंती. प्रतिमेला हार घालून झाला असेल, तर राजकोटच्या घरातल्या एका चिठ्ठीची आठवण काढू या.

मोहन तेव्हा १५ वर्षांचा होता. भावावर सुमारे २५ रुपयांचे कर्ज झाले होते आणि त्याच्या दंडात भरीव सोन्याचे कडे होते. मोहनने त्यातला तुकडा काढून कर्ज फेडले, पण ती चोरी त्याला सोसेना. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून त्याने लिहून काढले. वडील भगंदराने आजारी, लाकडी फळीवर पडून. चिठ्ठी त्यांच्या हातात देऊन तो समोर बसून राहिला. वडील उठून बसले, त्यांनी वाचले. डोळ्यांतल्या पाण्याने कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. ते रागावतील, कपाळ बडवून घेतील, असे मुलाला वाटले होते.

चिठ्ठीत चोरीची कबुली होती, शिक्षेची मागणी होती, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. शिवाय, माझ्या अपराधाबद्दल तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका, अशी विनंतीही होती. ही विनंती आम्हाला फार मोलाची वाटते. आपण मात्र 'काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला' म्हणून मोकळे होतो. निरोप घेताना ते शोभते. ज्याचे नुकसान झाले त्याच्यापुढे नाही. तिथे काय चुकले ते नाव घेऊन सांगावे लागते. 'मी आहेच नालायक' हीसुद्धा पळवाटच. त्यात समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावे लागते आणि नुकसान होते तिथेच राहते.

मोहनचे गांधीजी झाल्यावरही चूक नाव घेऊन सांगण्याची ही सवय सुटली नाही. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात अहमदाबादेत, नडियादमध्ये हिंसाचार झाला. लोकांची तयारी नसताना कायदेभंगाची हाक दिली, ही आपली पहाडाएवढी चूक, असे गांधीजींनी नडियादच्या जाहीर सभेत सांगितले. लोकांनी टर उडवली. त्यांनी सत्याग्रह थांबवला, पण खंत करत बसले नाहीत. मुंबईत स्वयंसेवकांची तुकडी उभारून सत्याग्रह म्हणजे काय हे लोकांना समजावण्याच्या कामाला लागले. चूक ज्या बाबतीत झाली, त्याच बाबतीत दुरुस्ती सुरू केली.

पण सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही कसोटी असते. आपल्याही घरात दप्तराच्या तळाशी चौघडी घातलेली एखादी उत्तरपत्रिका असते, पालकांच्या सहीवाचून राहिलेली. पोराने ती धीर करून काढली आणि आपल्या तोंडून पहिले वाक्य 'लाज नाही वाटत?' असे आले, तर पुढची उत्तरपत्रिका बाहेर येणार नाही. मोठेपणी तेच पोर कचेरीतली चूकही फायलीखाली सारेल.

आज संध्याकाळी घरात कुणी असा कागद पुढे केला, तर बोलण्याआधी तो शेवटपर्यंत वाचा.