काटा खोटा की इंजिन गरम?

कळवणहून नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडाचा घाट चढताना लष्कराची जुनी जीप दिसली, की आपला मोबाइल लगेच फोटोसाठी बाहेर येतो. तिच्या तापमानाच्या काट्याकडे मात्र कुणी बघत नाही. ‘तो बिघडलेलाच आहे’ म्हणत घाट चढवणं म्हणजे हेड गॅस्केट, कधी तर अख्खं इंजिनच पणाला लावणं.

इथे अंदाज नको, क्रम हवा. काटा लालवर गेला की आधी थांबा. इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. मग पाणी, पंख्याचा पट्टा बघा. सगळं ठीक, तरी गार इंजिनावर काटा वरच? आता मीटर तपासा.

१९४१ ते १९४५ दरम्यानच्या विलीज एमबीत बारीक नळीवर चालणारा यांत्रिक मीटर होता. नळी पिचली की तो निकामी. नंतरच्या विजेवरच्या मीटरमध्ये सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो आणि काटा चढतो. चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढा, काटा खाली यायला हवा. तीच वायर छोट्या बल्बमधून क्षणभर इंजिनाला टेकवा. काटा चढला, तर मीटर ठीक. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. नाही चढला, तर वायर, वीजपुरवठा किंवा मीटर बघा.

ओहमचा नियम फक्त परीक्षेपुरता नसतो. खोटा ठरेपर्यंत काटा खराच माना!