चार खणांची पेटी

संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. दहावीच्या कोणत्याही मुलाला विचारा, ही चार नावे तो एका दमात म्हणतो. पालक खूश, गाईडवाले त्याहून खूश. मी मात्र याला रसायनशास्त्र म्हणायला तयार नाही.

दिवाळीआधी भिंतीला लावतो तो चुनाच घ्या. भट्टीत चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो; हे अपघटन. त्यावर पाणी ओतले की तो खदखदतो, हात भाजेल इतका तापतो, हा संयोग. पुढे भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा चुनखडीच्याच रूपात येतो. ही तिसरी अभिक्रिया कोणत्या खणात टाकणार? चारांपैकी एकातही ती सरळ बसत नाही. उलट मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाका, विस्थापनही होते आणि ऑक्सिडीकरण-क्षपणही. हे खण माणसाने सोयीसाठी पाडले, एवढे सांगायला आमच्याकडे तास नाही म्हणे! प्रयोगशाळेचे कुलूप तर इन्स्पेक्शनच्याच दिवशी निघते.

त्यात आमच्या सीमाभागातले सुजाण पालक म्हणतात, "सर, सायन्स इंग्रजीतूनच हवं." अहो, 'डबल डिस्प्लेसमेंट' म्हटल्याने परीक्षानळीत काय घडले ते दिसते का? 'अपघटन' घोकूनही दिसत नाही, मान्य. पण चुना, मोरचूद, खदखदणे हे शब्द मूल घरूनच घेऊन येते. आधी प्रयोग करू द्या, काय बदलले ते त्याच्या शब्दांत लिहू द्या. नाव शेवटी सांगा. मराठीत, कन्नडात, इंग्रजीतही सांगा.